हॉलचा रंग सगळ्यात शेवटी ठरवा

घराचा ताबा मिळाला किंवा दिवाळीआधी रंगकाम काढायचं ठरलं, की घरात पहिल्यांदा येतं ते शेडकार्ड. सगळे त्याभोवती बसतात. कुणाला फिकट हिरवा आवडतो, कुणाला क्रीम, आणि दोन दिवसांत रंग पक्का होतो. सोफा त्यानंतर, पडदे त्याच्याही नंतर. मग चार दुकानं पालथी घातली तरी त्या हिरव्याला साजेसं सोफ्याचं कापड मिळत नाही, आणि "चालून जाईल" म्हणत काहीतरी उचललं जातं.

हा क्रम उलटा केला तर बहुतेक हॉल सुधारतील असं माझं ठाम मत आहे. रंगाच्या दुकानातलं टिंटिंग मशीन हजाराहून अधिक छटा काही मिनिटांत तयार करून देतं. सोफ्याच्या कापडात मात्र तुमच्या बजेटमध्ये बसणाऱ्या आणि मनाला पटणाऱ्या छटा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असतात. फरशी तर बिल्डरनं आधीच बसवलेली असते. म्हणून जे बदलता येत नाही ते आधी बघायचं, ज्यात निवड कमी आहे ते त्यानंतर घ्यायचं, आणि ज्यात वाटेल तेवढी निवड आहे तो भिंतीचा रंग शेवटी ठरवायचा.

पुढचं सगळं एक नेहमीचा हॉल डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं आहे. पुण्या-मुंबईकडचा टू बीएचके, १० बाय १६ फुटांचा हॉल, अरुंद बाजूला बाल्कनीचं सरकतं दार, खाली हस्तिदंती व्हिट्रिफाइड टाइल्स, छत साडेनऊ फुटांवर. तुमचा हॉल वेगळा असेल तर आकडे बदलतील, क्रम तोच राहील.

१. फरशीची झाक ओळखा

फरशी ऑफ व्हाइट आहे, म्हणजे तिच्यावर काहीही शोभेल, असं धरून चालू नका. ऑफ व्हाइटमध्ये कुठली ना कुठली झाक असतेच आणि ती एरवी डोळ्यांना कळत नाही, कारण शेजारी तुलनेला काही नसतं. दिवसा, दिवे बंद ठेवून, फरशीवर एक कोरा पांढराशुभ्र कागद ठेवा आणि उभं राहून बघा. इतके दिवस पांढरी वाटणारी फरशी एकदम पिवळसर दिसेल, किंवा गुलाबीसर, किंवा किंचित हिरवट राखाडी. ही झाक वहीत लिहून ठेवा. पुढचे निम्मे निर्णय तिच्यावर अवलंबून आहेत.

पिवळसर फरशीशेजारी निळसर झाकेचा राखाडी लावला तर फरशी आणखी पिवळी दिसते, जणू धुवायची राहून गेली आहे. अलीकडे सगळीकडे राखाडी भिंतींची चलती आहे आणि जुन्या इमारतींतले कितीतरी हॉल त्यामुळेच मळकट वाटतात. गुलाबीसर फरशीवर हिरवट झाकेचं क्रीम टाळा. कोटा फरशी हिरवट राखाडी असते, तिच्याबरोबर मोतिया पांढरा, सागवानी लाकूड आणि विटकरी रंग फार छान जातात. शहाबादी असेल तर ती थंड राखाडी, तिला थोडी ऊब देणारे रंग लागतात. जुन्या घरात मोझॅक असेल तर नशीबवान आहात: फरशीतल्या दगडी चिपांत जे तीन-चार रंग असतात, त्यांतलाच एक भिंतीसाठी आणि एक कापडासाठी घ्या. जुळवाजुळव आपोआप होते.

फरशीबरोबर न बदलणाऱ्या बाकीच्या गोष्टींकडेही बघा. मुख्य दाराचं लॅमिनेट, खिडक्यांच्या चौकटी, ग्रिल, आणि हॉलमधून स्वयंपाकघराचा ओटा व ट्रॉल्या दिसत असतील तर त्याही. गडद लालसर दारं असतील तर ती भिंतीवर उठून दिसणारच, ते मान्य करून पुढं जा.

२. उजेड कुठून येतो ते बघा

आपल्याकडे उत्तरेच्या खिडकीतून वर्षातला बराच काळ थेट ऊन येत नाही. उजेड एकसारखा पण थंड, निळसर असतो. अशा हॉलमध्ये शुद्ध पांढरा किंवा निळसर राखाडी उदास वाटतो. बदामी, मोतिया, फिकट हळदी असे उबेचे रंग तिथं खुलतात. पूर्वेचा हॉल सकाळी सोनेरी आणि दुपारनंतर फिका असतो, म्हणून तो संध्याकाळच्या दिव्यांत कसा दिसतो याला जास्त महत्त्व द्या. पश्चिमेकडे दुपारी तीननंतर ऊन थेट आत घुसतं आणि सगळ्यावर नारिंगी छटा चढवतं. तिथं पिवळा, पीच हे रंग भडक होतात, तर फिकट शेवाळी, राखाडी-हिरवा, दुधी पांढरा असे रंग डोळ्यांना गारवा देतात. दक्षिणेच्या खिडकीतून थंडीच्या दिवसांत ऊन खोलवर येतं आणि ऐन उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असल्यानं फारसं येत नाही. तिथं बहुतेक रंग चालतात.

दिशा माहीत असणं पुरेसं नाही, समोर काय आहे तेही बघायला हवं. बाल्कनीबाहेर गुलमोहर किंवा आंब्याचं झाड असेल तर आत हिरवट उजेड येतो. समोरची इमारत विटकरी असेल तर भिंतींवर लालसर छटा चढते. वीस फुटांवर दुसरा टॉवर उभा असेल तर तुमची खिडकी कुठल्याही दिशेला असो, उजेड कमीच धरा.

आता दिवे. एलईडीच्या खोक्यावर केल्व्हिनचा आकडा असतो. २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर उजेड, ४००० म्हणजे मधला, ६५०० म्हणजे आपल्या नेहमीच्या पांढऱ्या ट्यूबलाइटचा निळसर उजेड. क्रीम भिंत ६५०० खाली निस्तेज दिसते आणि फिकट निळी भिंत २७०० खाली हिरवट. हॉलसाठी ३००० ते ४००० मधले दिवे मला सगळ्यात योग्य वाटतात. वाचायला किंवा मुलांच्या अभ्यासाला जास्त उजेड हवा असेल तर त्या कोपऱ्यात वेगळा दिवा लावा, सगळा हॉल पांढऱ्याफटक उजेडानं भरू नका. त्याच खोक्यावर सीआरआय हा आकडाही बघा. तो ८० च्या खाली नको, ९० असेल तर कापडाचे आणि लाकडाचे रंग खरे दिसतात. रंग ठरवण्याआधी दिवे बदला, नंतर नाही. नाहीतर ट्यूबखाली निवडलेला रंग नव्या दिव्यांत वेगळाच निघतो.

३. सामान कागदावर मांडा, मग जमिनीवर

आमचं १० फूट रुंदीचं उदाहरण इथं कामाला येतं. १० फूट म्हणजे १२० इंच. लांब भिंतीला टेकून सोफा ठेवला तर त्याची खोली साधारण ३४ इंच. समोर टीव्ही युनिट १६ इंच. उरले ७० इंच. सोफा आणि सेंटर टेबल यांच्यात १६ इंच हवेत, म्हणजे चहाचा कप ठेवायला वाकावं लागत नाही आणि गुडघेही आपटत नाहीत. टेबल २४ इंचांचं. आता टेबल आणि टीव्ही युनिटमध्ये उरतात ३० इंच, एका माणसाला सुखानं जाता येईल एवढी वाट. हेच तुम्ही ४० इंच खोलीचा जाडजूड सोफा घेतलात तर वाट २४ इंचांवर येते आणि बाल्कनीत कपडे वाळत घालायला जाणारा माणूस रोज अंग चोरून जातो. शोरूम मोठी असते, छत उंच असतं, म्हणून तिथं तो सोफा मोठा वाटत नाही. फूटपट्टी खोटं बोलत नाही, ती बरोबर न्या.

आकडे जमले की जुनी वर्तमानपत्रं चिकटवून सोफ्याच्या आणि टेबलाच्या मापाचे तुकडे करा आणि हॉलमध्ये जमिनीवर अंथरा. दोन दिवस तसेच राहू द्या आणि त्यांच्याभोवतीच वावरा. बाल्कनीचं दार पूर्ण सरकतं का, शूरॅकचं दार उघडताना सोफ्याला लागतं का, फ्रिजकडे जायची वाट अडते का, हे सगळं त्या कागदांवरून कळतं.

या टप्प्यावर आपल्या घरात खरं काय चालतं त्याचा विचार करा. परदेशी मासिकांतल्या हॉलमध्ये गणपती बसत नाहीत, आपल्याकडे बसतात. तीन बाय तीन फुटांचा एक कोपरा असा हवा, जिथलं सामान भाद्रपदात सहज हलवता येईल, जवळ प्लग पॉइंट असेल आणि आरतीला समोर दहा-बारा माणसं उभी राहू शकतील. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका खाली सतरंजीवर बसतात, त्यासाठी सेंटर टेबल एकट्याला उचलता येईल इतकं हलकं हवं. गावाकडचे पाहुणे मुक्कामाला येत असतील तर सोफा-कम-बेडचा विचार करा, पण तो उघडल्यावर किती जागा घेतो ते मोजून. माझ्या मते छोट्या हॉलमध्ये थ्री सीटर सोफा आणि दोन हलक्या खुर्च्या ही मांडणी जड एल आकाराच्या सोफ्यापेक्षा कितीतरी बरी. खुर्च्या हलतात, एल हलत नाही.

टीव्हीचं गणितही याच वेळी करा. स्क्रीनच्या कर्णाच्या दीड ते दोन पट अंतरावरून बघणं डोळ्यांना बरं. आमच्या हॉलमध्ये बसणाऱ्याच्या डोळ्यांपासून स्क्रीनपर्यंत साधारण साडेसात फूट मिळतात, म्हणजे ५० किंवा ५५ इंची टीव्ही ठीक, ६५ इंची जवळ पडेल.

आणि हो, लिफ्टचं दार, लिफ्टची आतली उंची आणि जिन्याचं वळण मोजल्याशिवाय सोफ्याचे पैसे देऊ नका.

४. सोफा: आधी हाड, मग रंग

सोफा आठ-दहा वर्षं चालावा असं वाटत असेल तर वरच्या कापडाआधी आतलं विचारा. चौकट सागवान, शिसम किंवा चांगल्या प्लायवूडची आहे का? एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्डची चौकट कोकणपट्टीतल्या दमट हवेत फुगते आणि स्क्रू सैल पडतात. बैठकीचा फोम ३२ डेन्सिटीपेक्षा कमी नको, रोज चारजण बसणार असतील तर ४० घ्या. बैठकीची उंची १७-१८ इंच असावी. घरात गुडघेदुखी असलेले आजी-आजोबा असतील तर खोल आणि बुटका सोफा अजिबात घेऊ नका, त्यांना त्यातून उठायला प्रत्येक वेळी हात द्यावा लागतो. दुकानात पाच मिनिटं बसून, हाताचा आधार न घेता उठून बघायला सांगा.

कापडाबद्दल एक गोष्ट निक्षून सांगते: काढून धुता येणारे, चेन लावलेले कव्हर मागा. आपल्याकडे सोफ्यावर बसून पोहेही खाल्ले जातात आणि हळदीचा डाग पुसून जात नाही. रेक्झीनचा सोफा स्वस्त पडतो आणि पुसायला सोपा असतो, पण मुंबईच्या दमट हवेत काही वर्षांत त्याचे पापुद्रे सुटायला लागतात आणि उन्हाळ्यात अंगाला चिकटतो. जाड विणीचं सुती किंवा सुती-पॉलिस्टर मिश्र कापड घ्या. लहान मुलं किंवा मांजर असेल तर सैल विणीचं टाळा, धागे ओढले जातात.

रंगाला मध्यम छटा निवडा. फार फिकट सोफा आपल्या धुळीत टिकत नाही, फार गडद सोफा दहा फुटी हॉलचा निम्मा उजेड खातो आणि त्यावर धूळ व केस तर आणखी उठून दिसतात. राखाडी-तपकिरी, शेवाळी, जुन्या विटेसारखा, फिका मोरपंखी: यांतलं काहीही. दुकानदाराकडून कापडाचे हातभर तुकडे घरी आणा, फरशीवर ठेवा, सकाळी बघा, रात्री बघा. देत नसेल तर डिपॉझिट ठेवून आणा.

५. पडदे आणि बाकीची कापडं

तयार पडदे साधारणपणे ५, ७ आणि ९ फूट लांबीचे मिळतात: खिडकीला ५, दाराला ७, आणि छतालगत रॉड लावून जमिनीपर्यंत सोडायचा असेल तर ९. हॉलमध्ये मी नेहमी लांब पडद्याच्या बाजूनं असते. खिडकीच्या मापाचा आखूड पडदा भिंतीचे दोन तुकडे करतो, तर छताजवळून सोडलेला पडदा खोलीला उंची देतो. जमिनीपासून अर्धा इंच वर राहील एवढीच लांबी ठेवा, म्हणजे लादी पुसताना भिजत नाही.

पडद्याची एकूण रुंदी दाराच्या दुप्पट लागते, तेव्हाच चुण्या नीट पडतात. एक तयार पडदा बहुधा ४ फूट रुंद असतो. सहा फुटी बाल्कनी दाराला तीन पडदे लागतील, दोन नव्हे. रॉड दोन्ही बाजूंनी सहा-सहा इंच जास्त घ्या, म्हणजे दिवसा पडदे भिंतीवर सरकतात आणि काच पूर्ण मोकळी होते.

पश्चिमेच्या हॉलला मागे अस्तर लावलेला पडदा घ्या. अस्तर नसेल तर गडद रंग उन्हानं पट्ट्यापट्ट्यांनी विटतो. पावसाळ्याचा विचार करून धुऊन एका दिवसात वाळेल असं कापड निवडा. पुढे भिंतीचा रंग पडद्याच्या जवळपासचा, एक-दोन छटा फिकट ठेवला की खोली शांत आणि मोठी वाटते.

मग रंग कुठं येणार? उशांच्या अभ्र्यांत, सतरंजीत, सोफ्यावर टाकलेल्या चादरीत. ही जागा मला सगळ्यात आवडते, कारण इथं आपलं स्वतःचं विणकाम वापरता येतं. सोलापुरी चादर सोफ्याच्या पाठीवर घडी करून टाका, सुती असते, धुतली की आणखी मऊ होते. खणाच्या कापडाचे चार अभ्रे करून घ्या, अंजिरी किंवा आमसुली रंगात, आणि त्याचा काठ अभ्र्याच्या एकाच कडेला येईल असा शिंप्याला सांगा. चारी बाजूंनी काठ लावला की उशी देवघरातल्या आसनासारखी दिसते. जुनी, फाटायला आलेली इरकल असेल तर तिच्या चांगल्या भागाचे अभ्रे होतात. पण एका हॉलमध्ये अशी दोनच कापडं बोलू द्या. खण, इरकल, कलमकारी आणि राजस्थानी आरसेकाम एकत्र आलं की एकाचंही सौंदर्य दिसत नाही.

सतरंजी किंवा गालिचा घेताना निदान सोफ्याचे पुढचे पाय त्यावर येतील एवढा घ्या. आमच्या हॉलला ५ बाय ८ फूट बरोबर. त्याहून लहान तुकडा मधोमध टाकला की खोली उगाच आक्रसते. पावसाळ्यात जाड लोकरी गालिचा दमट वास धरतो, सुती सतरंजी बरी.

६. आता शेडकार्ड उघडा

सोफ्याच्या, पडद्याच्या कापडाचा तुकडा आणि फरशीची नोंद घेऊन दुकानात जा. फरशीची झाक ज्या बाजूची, भिंतीची झाकही त्याच बाजूची ठेवा. शेडकार्डावरचा चौकोन पोस्टाच्या तिकिटाएवढा असतो आणि भिंती चार असतात. एका भिंतीवरचा रंग समोरच्या भिंतीवर पडतो आणि परत येतो, त्यामुळे खोलीत तो नेहमी कार्डापेक्षा गडद आणि ठसठशीत दिसतो. आवडलेल्या छटेच्या वरची, एक पायरी फिकट छटा घ्या.

बऱ्याच कंपन्या प्रत्येक छटेसाठी एलआरव्ही नावाचा आकडा देतात. रंग किती उजेड परत फेकतो ते त्यावरून कळतं: ० म्हणजे काळा, १०० म्हणजे शुभ्र पांढरा. कमी उजेडाच्या हॉलमध्ये मुख्य भिंतींसाठी ७० च्या आसपास किंवा वर राहा. भरपूर उजेड असेल तर ५५-६० चालतो.

तीनच छटा निवडा आणि प्रत्येकीचा सगळ्यात छोटा डबा आणा. थेट भिंतीवर पट्टे मारू नका, जुन्या रंगाची सोबत डोळ्यांना फसवते. दोन बाय दोन फुटांचे जाड पांढरे पुठ्ठे घ्या, प्रत्येकावर दोन हात मारा, कडेनं दोन इंच पांढरं सोडा. वाळल्यावर हे पुठ्ठे हॉलभर फिरवा: बाल्कनीच्या शेजारी, दाराजवळच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, सोफ्यामागे, फरशीला टेकवून. सकाळी नऊला, दुपारी चारला आणि रात्री दिवे लावून बघा. बहुतेक वेळा पहिल्या दिवशी आवडलेली छटा रात्रीच्या उजेडात बाद होते आणि जिच्याकडे लक्षही गेलं नव्हतं ती टिकते.

एक भिंत गडद करायची हौस असेल तर जरूर करा, फक्त भिंत विचारपूर्वक निवडा. बाल्कनीचं दार ज्या भिंतीत आहे ती गडद केली तर प्रखर उजेड आणि गडद रंग शेजारी येऊन डोळे दिपतात. तिच्यासमोरची गडद केली तर आत आलेला उजेड तीच गिळते. राहिल्या दोन लांब भिंती. त्यांतली टीव्हीमागची गडद केलेली चांगली, काळी स्क्रीन तिच्यात मिसळून जाते आणि बघताना डोळ्यांवर ताण कमी येतो. गडद रंगाच्या बेसमध्ये, म्हणजे मशीन ज्यात छटा मिसळतं त्या मूळ रंगात, पांढरं रंगद्रव्य कमी असतं, म्हणून दोन हातांत खालचं झाकलं जात नाही; तिसरा हात आधीच हिशेबात धरा.

छत साधं पांढरं असू द्या, पण भिंती मोतिया असतील तर निळसर चमकता पांढरा छताला नको.

आमच्या पिवळसर हस्तिदंती फरशीच्या, पश्चिमेकडच्या हॉलसाठी मी हे करेन: तीन भिंतींना कोमट, दुधी पांढरा, टीव्हीच्या भिंतीला राखाडी झाकेचा शेवाळी, सोफा ताग-तपकिरी, पडदे अस्तर लावलेले बदामी, आणि अभ्रे अंजिरी खणाचे. तीच फरशी उत्तरेच्या हॉलमध्ये असती तर भिंती फिकट बदामी, सोफा विटकरी आणि अभ्रे मोरपंखी.

७. रंगाचा पोत, भिंतीची तयारी

डिस्टेंपर स्वस्त, पण ओल्या फडक्यानं घासलं की हाताला येतो. भाड्यानं द्यायच्या घराला ठीक. स्वतःच्या हॉलला धुता येणारा इमल्शन घ्या. आता चकाकीचा प्रश्न. आमच्या हॉलमध्ये उजेड एका टोकाकडून लांब भिंतींवर आडवा घासत येतो. अशा भिंतीवर चकाकणारा रंग लावला की प्लास्टरमधला प्रत्येक उंचवटा, प्रत्येक लाट उघडी पडते. तिथं मॅट घ्या. देवघर हॉलमध्येच असेल तर समईच्या काजळीसाठी तेवढ्या भिंतीला आणि मुलांचे हात जिथं लागतात त्या पॅसेजला हलक्या चकाकीचा, जास्त धुता येणारा रंग वापरा.

भिंतीत ओल असेल तर कुठलाही महाग रंग टिकणार नाही. ओल तपासायला फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी कडांनी टेप लावून भिंतीवर चिकटवा आणि एक दिवस ठेवा. प्लॅस्टिकच्या आत थेंब जमले तर पाणी भिंतीतून येतं आहे. आधी बाहेरची भेग, वरच्या मजल्याचं बाथरूम किंवा पाइप दुरुस्त करून घ्या, सोसायटीच्या मागे लागा, भिंत पूर्ण वाळू द्या. पांढरे क्षार फुलले असतील तर कोरड्या ब्रशनं झाडा. पाण्यानं धुतले तर परत आत जिरतात. नव्या प्लास्टरला निदान २८ दिवस द्या.

पावसाळ्यात रंगकाम काढू नका. गणपतीनंतर दिवाळीपर्यंत सगळं शहर रंगाऱ्यांच्या मागे असतं आणि कामं उरकली जातात. डिसेंबर ते मार्च हा सगळ्यात चांगला काळ: हवा कोरडी, रंगारी निवांत.

कामाचा क्रम असा: पोपडे खरवडणं, भेगा भरणं, लांबी किंवा पुट्टीचे दोन हात, पॉलिश पेपरनं घासकाम, प्रायमर, त्यावर रंगाचा पहिला हात, दिव्याच्या उजेडात खड्डे शोधून टचिंग, मग शेवटचा हात. हे सगळं रंगाऱ्याकडून कोटेशनमध्ये लिहून घ्या, "फुल काम" या दोन शब्दांवर थांबू नका. जुन्या घराच्या दार-खिडक्यांवरचा ऑइलपेंट घासताना काळजी घ्या. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा घालणारे नियम २०१६ साली आले आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले; त्याआधीच्या थरांत शिसं जास्त असू शकतं. तो रंग कोरडा घासू नका, ओला करून घासा आणि लहान मुलांना त्या दिवसांत दुसरीकडे पाठवा.

रंग किती लागेल? आमच्या हॉलच्या भिंती: १० आणि १६ ची बेरीज २६, दुप्पट ५२, गुणिले साडेनऊ, म्हणजे ४९४ चौरस फूट. बाल्कनीचं दार, मुख्य दार आणि पॅसेजची जागा मिळून सुमारे ८७ वजा केले की राहतात ४०७. छत १६० वेगळं. डब्यावर लिटरमागे किती चौरस फूट ते छापलेलं असतं. तो आकडा एका हाताचा आहे की दोन हातांचा ते नीट वाचा, बहुतेक गोंधळ तिथंच होतो. आलेल्या आकड्यावर दहा टक्के जास्त घ्या आणि एका छटेचा सगळा रंग एकाच वेळी मशीनवर करून घ्या. दोन डबे असतील तर मोठ्या बादलीत एकत्र ढवळून वापरा, नाहीतर भिंतीच्या मध्यावर छटा बदललेली दिसते.

रंग झाल्यावर पहिले काही दिवस खिडक्या उघड्या आणि पंखा चालू ठेवा, सोफा भिंतीपासून चार बोटं लांब. ओल्या फडक्यानं घासायचं असेल तर महिनाभर थांबा, तोपर्यंत रंग पुरता घट्ट झालेला नसतो. उरलेला रंग लहान, घट्ट झाकणाच्या बरणीत भरा, बरणीवर कंपनी, छटेचा कोड, बेसचं नाव आणि तारीख लिहा, आणि डब्याच्या झाकणावरच्या स्टिकरचा फोटो घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकून ठेवा. पुढच्या वर्षी कॅलेंडरचा खिळा हलवला की तोच रंग लागणार आहे.